नऊ रात्रींचा बंजारा लुक

नवरात्र आली, की ऑफिसात आरशांच्या ओढण्या अन् ऑक्सिडाइज्ड झुमके पुन्हा ‘इन’! दसरा झाला, की सगळं माळ्यावर. मैत्रिणींनो, आमच्या वाशीम जिल्ह्यात पोहरादेवीच्या रामनवमी यात्रेत या. घेरदार फेटिया, आरसे-कवड्यांची काचळी, केसांत घुगरी, हातभर बलिया. बंजारा आज्यांचा हा रोजचा पेहराव. नाती बहुतेक जीन्स-कुर्त्यात (मीही तेच घालते म्हणा), त्यामुळे हे शिवणारे हात कमी होताहेत. तिथे ऑक्टोबर २०२४ मध्ये बंजारा विरासत संग्रहालय उघडलंय, तेही बघा. खरेदीचा फंडा सोपा: कापड उलटून पाहा. आरसा टाक्यांनी धरलेला असेल तर घ्या, नुसता चिकटवलेला असेल तर राहू द्या. प्लेन कुर्त्यावर अशी एकच पिशवी पुरते, अगदी जूनमध्येसुद्धा. आणि घासाघीस? गरब्याच्या पासवर करता का कधी?