राणीचं वय नक्की किती?



मागच्या महिन्यात एका रविवारी दुपारी भाचीचा फोन आला. ती सातवीत आहे. शाळेत वक्तृत्व स्पर्धा होती आणि विषय होता झाशीची राणी. आम्हा ग्वाल्हेरकरांना हा विषय शाळेत एकदा तरी भेटतोच, कारण राणीची समाधी आमच्या फूलबागेत आहे.

"मामा, एक गडबड आहे," ती म्हणाली. "सुभद्राकुमारी चौहानांच्या कवितेत राणीचं वय तेवीस आहे. पण पुस्तकात जन्म १८२८ आणि मृत्यू १८५८ दिलाय. म्हणजे एकोणतीस झाले ना? तू कॉम्प्युटरवाला, बघून सांग बरं खरं काय ते."

एरवी मी दोन मिनिटांत उत्तर देऊन मोकळा झालो असतो. पण याच राणीच्या तारखेवरून मी एकदा विकिपीडियावर तोंडघशी पडलोय, म्हणून म्हटलं, "संध्याकाळी घरी ये, नीट बोलू."

आधी माझी फजिती सांगतो. राणीचा बलिदान दिवस आपण १८ जूनला पाळतो. पण काही ठिकाणी १७ जूनही दिलेला असतो. तेव्हा माझ्या हाती एक पुरावा लागला होता. ग्वाल्हेरजवळच्या कोटा की सराय इथली लढाई १७ जून १८५८ची. त्या दिवशीच्या हल्ल्याबद्दल इंग्रजांच्या आठव्या हुसार्स पलटणीतल्या चौघांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला आणि त्याच्या सरकारी नोंदीत १७ जून हीच तारीख आहे. मला वाटलं, झालं, प्रश्न मिटला! मी १८ चे १७ केले. तासाभरात कुणीतरी ते पुन्हा १८ केले. मी परत १७ केले. असं तीनदा झालं. एकाच पानावर चोवीस तासांत तीनपेक्षा जास्त वेळा दुसऱ्याचा बदल उलटवला तर खातं बंद होऊ शकतं, हा नियम मला तेव्हा ठाऊकही नव्हता.

मग त्या माणसाने लेखाच्या चर्चा पानावर मला शांतपणे विचारलं, की पदकाच्या नोंदीवरून त्या दिवशी लढाई झाली एवढं कळतं, पण राणी त्याच दिवशी गेल्या असं त्यात कुठे लिहिलंय? मी नोंद पुन्हा वाचली. खरंच लिहिलेलं नव्हतं. मधला सांधा मी माझ्या मनाने जोडला होता. विकिपीडियावर त्याला 'मूळ संशोधन' म्हणतात आणि ते चालत नाही. तुमचा तर्क बरोबर असेलही, पण तो आधी एखाद्या अभ्यासकाने कुठेतरी प्रसिद्ध केलेला हवा. दिवसभर कोड लिहून 'माझं लॉजिक बरोबर आहे' म्हणायची सवय असलेल्या माणसाला हे पचायला जड गेलं. पण विचार करा, रोज हजारो अनोळखी माणसं एकच ग्रंथ लिहीत असताना प्रत्येकाचा तर्क आत घेतला, तर त्या ग्रंथाचं काय होईल?

संध्याकाळी भाची आली. तिला म्हटलं, चल, आपणच चर्चा पान लिहू. कागदाच्या मधोमध रेघ मारली. एका बाजूला १८२८, दुसऱ्या बाजूला १८३५. कारण काही चरित्रांत जन्मसाल १८३५ दिलंय. कवितेतलं वय त्याच्याशी जुळतं.

मग वयं मांडली. लग्न १८४२ साली. १८२८ धरलं तर नवरी तेरा वर्षांची, १८३५ धरलं तर जेमतेम सहा-सात. मुलगा झाला १८५१ साली. तेव्हा पहिल्या हिशोबाने बावीस-तेवीस, दुसऱ्याने पंधरा-सोळा. त्या काळी दोन्ही शक्य होतं, त्यामुळे एवढ्यावरून निकाल लागत नाही.

मग जॉन लँग. हा सिडनीत जन्मलेला वकील. संस्थान खालसा झाल्यावर, १८५४ साली, राणीने त्याला सल्ल्यासाठी झाशीला बोलावलं होतं. त्याने पुढे प्रवासवर्णनात राणीचं वय सव्वीस-सत्तावीस असल्याचं लिहिलं. हे १८२८च्या जवळ जातं. भाची खूश झाली, "म्हणजे १८२८ जिंकलं!" मी म्हटलं, थांब. लँगने ते वय राणीच्या वकिलाकडून ऐकलं होतं. तो पडद्याबाहेर बसला होता आणि राणीची त्याला ओझरती झलक दिसली. समकालीन माणूस आहे म्हणून त्याच्या लिहिण्याला वजन आहे, पण वय ऐकीव आहे. दोन्ही लिहून ठेव.

"पण जास्त पुस्तकांत काय आहे ते मोजू ना," ती म्हणाली. बहुतेक भांडणं इथेच चुकीच्या वळणावर जातात. वीस पुस्तकांनी एकाच पुस्तकातून तारीख उचलली असेल, तर ते वीस साक्षीदार होत नाहीत, साक्षीदार एकच राहतो. प्रत्येक संदर्भाला विचारायचं, की बाबा रे, तुला कुणी सांगितलं?

हे तिला सांगताना मला आमची आजी आठवली.

आजीच्या सहस्रचंद्रदर्शनावरून आमच्या घरी वाद झाला होता. काका म्हणायचे, आईला ऐंशी कधीच पूर्ण झाली, यंदाच करू. बाबा म्हणायचे, अजून दोन वर्षं आहेत. बाबांकडे पुरावे होते. आधार कार्ड, पॅन कार्ड, पेन्शनचे कागद, शाळेचा दाखला. चार कागद आणि चारही ठिकाणी एकच तारीख, १ जुलै. काकांकडे फक्त आजीच्या आईचं कधीतरी कानावर पडलेलं बोलणं. चारास एक! बाबा जिंकले, कार्यक्रम पुढे ढकलला. पुढच्याच वर्षी आजी गेली.

नंतर आत्याला आजीच्या माहेरी एक जुनी जमाखर्चाची वही सापडली. आजीच्या वडिलांच्या हातची, मोडी लिपीतली. ती वाचून देणारं माणूस शोधण्यात चार महिने गेले. त्यात तिथी आणि शकासह कन्या झाल्याची नोंद होती. काकांचं बरोबर होतं. त्या काळी शाळेत नाव घालताना गुरुजी जून नाहीतर जुलैची पहिली तारीख टाकायचे आणि वर्षही अंदाजाने धरायचे. बाकीचे तीन कागद त्या एका दाखल्यावरून तयार झाले होते. बाबांचे चार साक्षीदार म्हणजे खरं तर एकच गुरुजी होते.

बाबा त्यावर काही बोलले नाहीत. वही मात्र आता त्यांच्याच कपाटात असते.

म्हणून मला विकिडेटाची पद्धत आवडते. विकिपीडियाच्याच या भावंडात एका माणसाच्या दोन जन्मतारखा शेजारी शेजारी ठेवता येतात. प्रत्येकीखाली तिचा संदर्भ येतो, आणि जिचा आधार जास्त भक्कम तिला वरचा दर्जा देता येतो. दुसरी पुसायची गरज नसते. विकिपीडियाच्या लेखातही अशा वेळी '१८२८, काहींच्या मते १८३५' असं लिहिता येतं, दोन्हींच्या संदर्भांसकट. पूर्वी मला हा पळपुटेपणा वाटायचा. आता वाटतं, आपल्याला जेवढं माहीत आहे तेवढंच सांगायला धीर लागतो.

आपल्या मंडळातल्या कितीतरी घरांत अशा वह्या, पत्रं, पत्रिका पडून असतील. ट्रंकेतल्या वहीचा संदर्भ विकिपीडियाला देता येत नाही, कारण दुसऱ्या कुणाला ती तपासता येत नाही. विष्णुभट गोडसे झाशीच्या वेढ्यात स्वतः होते, पण त्यांचा 'माझा प्रवास' छापून आला तो १९०७ साली. छापला गेला म्हणूनच आज आपण तो वाचतो, ताडून बघतो. तेव्हा मोडी वाचणारी माणसं आहेत तोवर या वह्या वाचून घ्या, त्यांचे फोटो काढा आणि कुलवृत्तांतात तारीख लिहिताना ती कुणी सांगितली, कुठल्या कागदात मिळाली, हेही एका ओळीत लिहा.

भाचीने भाषणात दोन्ही सालं सांगितली, लँगसकट. परीक्षकांनी म्हणे विचारलं, "बेटा, एकच सांगायचं तर?" ती म्हणाली, "१८२८ला आधार जास्त वाटतो, पण नक्की नाही."

दुसरा नंबर आला. मामाकडून कुल्फी मात्र पहिल्या नंबरची मिळाली.