पाच टक्क्यांचा बागुलबुवा

नव्या आर्थिक वर्षाचे करारनामे हातात पडू लागले की आमच्याकडे एकाच तक्रारीची पत्रे येतात. यंदाही आली आहेत. अंदाजपत्रकातला हिशेबनिसाचा पगार खोडला, समन्वयकाचे मानधन निम्म्यावर आणले, कार्यालयाचे भाडे तर विचारातच घेतले नाही. वर सीएसआर विभागाचा शेरा असा, की प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांहून जास्त चालत नाही, कायदाच आहे. कायदा आहे, यात वाद नाही. फक्त तो कंपनीला लागू आहे, तुमच्या संस्थेला नाही.

सीएसआर नियमावलीत २२ जानेवारी २०२१ रोजी दुरुस्ती झाली. तिच्यातल्या सातव्या नियमानुसार प्रशासकीय खर्च कंपनीच्या त्या वर्षाच्या एकूण सीएसआर खर्चाच्या ५ टक्क्यांवर जाऊ नये, आणि ते पाहण्याची जबाबदारी संचालक मंडळाची आहे. असा खर्च म्हणजे कंपनीने स्वतःचे सीएसआरचे काम सांभाळण्यासाठी केलेला खर्च, हे व्याख्येतच लिहिले आहे. प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यांवरचा थेट खर्च त्यातून वगळला आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कंपनी व्यवहार मंत्रालयाने काढलेल्या प्रश्नोत्तरांच्या परिपत्रकात शालेय कर्मचाऱ्यांचे पगार आणि प्रशिक्षण हे प्रकल्पखर्चाचे उदाहरण म्हणून दिले आहे. तरीही कंपनीच्या मुख्यालयातल्या खर्चाला घातलेला लगाम तालुक्यातल्या समन्वयकाच्या मानधनाला लावला जातो. परिपत्रकातली आणखी एक ओळ काही अधिकारी पुढे करतात: अंमलबजावणी करणाऱ्या संस्थेचा व्यवस्थापन खर्च कंपनीला प्रशासकीय खर्च म्हणून दाखवता येणार नाही. बरोबर आहे. तो त्या शीर्षाखाली दाखवायचाच नाही. त्यातला जो भाग प्रकल्पाच्या वाट्याला येतो, तो विभागून प्रकल्पखर्चात दाखवायचा, आणि ही वाट परिपत्रकाने मोकळी ठेवली आहे. संस्थेच्या उरलेल्या सर्वसाधारण कारभाराचे काय, हा प्रश्न मात्र खरा आहे. त्यासाठी स्थानिक देणगीदारांना पर्याय नाही.

यातला विनोद असा की हिशेबनीस नाकारणारा देणगीदारच हिशेब सर्वांत जास्त मागतो. तिमाही अहवाल, खर्चाचे तपशीलवार विवरण, उपयोगिता प्रमाणपत्र, प्रत्येक बिलाची प्रत. त्याखेरीज ३१ मेपर्यंत प्राप्तिकर खात्याकडे देणग्यांचे विवरण, म्हणजे १०बीडी, भरायचे, उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये शुल्क. मग ऑडिट, आणि विश्वस्त बदलले तर ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात फेरफार अर्ज. यातले एक चुकले तर पुढचा हप्ता अडतो. ही कामे करणाऱ्या माणसाचा पगार कोणी द्यायचा, याचे उत्तर एकाही करारनाम्यात नसते.

‘देणगीचा पैसा लाभार्थींपर्यंतच जावा’ हा यावरचा नेहमीचा युक्तिवाद. विश्वस्तांच्या गाड्या आणि नातलगांचे पगार देणगीतून निघाल्याची उदाहरणे आपल्या क्षेत्रात आहेत, तेव्हा शंका घेणाऱ्यावर रागावण्यात अर्थ नाही. पण टक्केवारीच्या चाळणीत हे लोक सापडत नाहीत. ज्याला खोटी बिले करायची आहेत, तो प्रशासकीय खर्च शून्यही दाखवेल. चाळणीत अडकते ती पगारपत्रक खरे लिहिणारी संस्था. परकीय देणग्यांचा कायदा किती कडक, हे वाचकांना सांगायला नको. २०२० मध्ये त्यातली प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. तरी शाळेतल्या शिक्षकांचे आणि रुग्णालयातल्या डॉक्टरांचे पगार त्यात मोजले जात नाहीत. गृह मंत्रालयाला जो फरक कळतो, तो सीएसआर समित्यांना कळू नये?

आता आपल्याबद्दल. हा गैरसमज टिकला, कारण आपण तो सोसला आणि त्यावर पांघरूण घातले. हिशेबनिसाचा पगार ‘शैक्षणिक साहित्या’त लपवायचा, भाडे ‘प्रशिक्षण शिबिरा’त, आणि ऑडिटच्या वेळी सीएने हात वर केले की धावाधाव करायची, हा प्रकार जुन्याजाणत्या संस्थांतही चालतो. ‘हट्ट धरला तर निधी दुसऱ्या संस्थेला जाईल’ ही भीती खोटी नाही. पण ती दुसरी संस्थाही हेच अंक वाचते, आणि तिलाही तीच भीती आहे. जिल्ह्यातल्या चार-पाच संस्थांनी एकाच पद्धतीने अंदाजपत्रक मांडले, तर कंपनीला पर्यायच उरत नाही.

म्हणून येत्या प्रस्तावापासून एवढे कराच. कर्मचाऱ्यांच्या वेळेची नोंदवही आजपासून ठेवा. कोणी कोणत्या प्रकल्पासाठी किती दिवस दिले, हे तीत दिसले पाहिजे. त्याच प्रमाणात पगार, भाडे आणि वीजबिल विभागा आणि विभागणीची पद्धत विश्वस्त मंडळाच्या ठरावात नोंदवा. प्रस्तावासोबत सातवा नियम आणि दुसऱ्या नियमातली प्रशासकीय खर्चाची व्याख्या जोडा. तरीही खर्च नाकारला गेला, तर कारण लेखी मागा. तोंडी नकार घेऊन परत येणाऱ्या सचिवांची पत्रे यापुढे आम्ही छापणार नाही. लेखी नकार मात्र कंपनीचे आणि संस्थेचे नाव झाकून या कार्यालयाकडे पाठवा. पुढच्या अंकात त्यातली कारणे जशीच्या तशी छापू, आणि प्रत्येकाखाली नियम काय म्हणतो तेही.