जुना गिअरबॉक्स फुटत होता, पण दुरुस्त होत होता

आज कांद्याच्या भावावर नाही, कांदा वाहणाऱ्या गाडीच्या गिअरबॉक्सवर लिहितोय. चाकणच्या मार्केटपासून मोशीच्या चहाच्या टपरीपर्यंत, चार ट्रकवाले जमले की एकच कीर्तन सुरू होतं. जुन्या गाडीचा गिअरबॉक्स म्हणजे नुसतं लोखंड, फुटायचं नावच नाही, आणि आत्ताचे ऑटोमॅटिक म्हणजे पोरांची खेळणी. ऐकून ऐकून कान किटले राव. ज्या पट्ट्यात घराघरातला एक तरी माणूस गाड्यांच्या सुट्या भागांवर पोट भरतो, तिथं तरी असलं बोलू नये.

फुटतच नव्हता, तर निगडीपासून चाकणपर्यंत रस्त्याकडेची एवढी गॅरेजं कशावर जगली? गाडीखालून गिअरबॉक्स उतरवलाय, डिझेलमध्ये धुतलेले गिअर गोणपाटावर ओळीने मांडलेत, हे चित्र आपण सगळ्यांनी पाहिलंय. फुटत होता. पण आज उतरवला की उद्या बसत होता, आणि त्यालाच आपण टिकाऊपणा म्हणत राहिलो. टिकणं वेगळं, दुरुस्त होणं वेगळं.

दुरुस्त व्हायचा त्याचं कारणही साधं. टेल्कोने 1954 मध्ये डेमलर-बेन्झबरोबर जमशेदपूरला ट्रक काढायला सुरुवात केली. तो करार 1969 ला संपला. पुण्याचा कारखाना 1966 सालचा. त्या काळात गाडीची घडण वर्षानुवर्षं फारशी बदलत नव्हती. एका मिस्त्रीने एक गिअरबॉक्स खोलला की पुढचे शंभर त्याला डोळे झाकून खोलता यायचे. भोवती सुटे भाग करणारी वर्कशॉपं उभी राहिली. बेअरिंग मिळायचं, शाफ्ट मिळायचा, नाहीच मिळाला तर भंगारातल्या गाडीचा काढून बसायचा. नाव झालं लोखंडाचं, काम होतं माणसांचं.

आता ड्रायव्हरचं बघू. सिंक्रो नसलेल्या गिअरबॉक्समध्ये खालचा गिअर टाकायचा म्हणजे क्लच दाबा, न्यूट्रलला आणा, क्लच सोडा, अंदाजाने रेस द्या, परत क्लच दाबा, मग गिअर. दोन दातांचा वेग जुळवणारी पितळी रिंग आत नाही, म्हणून ते काम पायाने आणि कानाने करायचं. चुकलं की कर्रर्र. जुन्या स्लायडिंग मेशच्या ट्रॅक्टरवर ज्याने काम केलंय त्याला हा आवाज सांगायला नको. आपण शेतात थांबून गिअर टाकतो, त्यांना खंबाटकीत भरल्या गाडीने टाकायचा असतो. दिवसातून शेकडो वेळा. मग चाळिशीत डावा गुडघा जातो. गिअरबॉक्सचं गुणगान करणारा बहुतेक वेळा गाडीचा मालक असतो, आणि मालकाचा गुडघा शाबूत असतो.

अजून एक गोष्ट या कीर्तनात येत नाही. गिअरबॉक्स झिजला की उतारावर, इंजिन गाडीला मागे धरत असताना, गिअर आपोआप सुटतो. मग क्लीनर लिव्हर दाबून बसतो, नाहीतर ट्यूबचं रबर बांधतात. भर उतारावर सुटलेला गिअर परत बसवणं सोपं नाही, कारण तोवर गाडीने वेग घेतलेला असतो. उरतात फक्त ब्रेक, आणि तेही तापलेले.

आणि जे मुद्दाम न्यूट्रल करतात त्यांना तर काय म्हणावं! 20 नोव्हेंबर 2022 ला नवले पुलाजवळ एका ट्रकने सुमारे 48 गाड्या ठोकल्या. चालकाने उतारावर इंजिन बंद केल्याचं तेव्हा तपासात सांगितलं गेलं. डिझेल वाचवायला म्हणे. अरे, गिअरमध्ये गाडी उतरत असताना ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की इंजिनला डिझेल जवळजवळ जातच नाही. न्यूट्रलला उलट आयडलिंगचं जळतं. इंजिन बंद केलं तर हवेचा कॉम्प्रेसरही बंद, म्हणजे ब्रेक दाबाल तशी टाकीतली हवा संपत जाते.

म्हणजे नवा ऑटोमॅटिक चांगला का? ड्रायव्हरच्या शरीरासाठी, हो, चांगला. ट्रकमधल्या एएमटीत आत तेच गिअर आणि तोच क्लच असतो, फक्त टाकणारा हात माणसाचा नाही. चालवणाऱ्याला कमी दमवणाऱ्या वस्तूला खेळणं म्हणणं मला पटत नाही. एसी केबिनलाही हेच लोक हसायचे.

माझं भांडण वेगळंय. गेल्या हंगामात माझा कांदा भरलेली अशी एक गाडी साताऱ्यापुढे दोन दिवस उभी राहिली. कंपनीचं नाव घेत नाही. लोखंड शाबूत होतं, एक सेन्सर गेला होता. शेजारच्या मिस्त्रीला दोष समजला होता, पण हात लावता येईना. लॅपटॉप कंपनीचा, सॉफ्टवेअर कंपनीचं, माणूसही कंपनीचाच यायला हवा. ताडपत्रीखाली गोण्यांना वाफ धरली. भाडं ठरल्याप्रमाणे द्यावं लागलं, माल मात्र भिजल्या भावात गेला. ट्रकवाल्यांचा राग इथला आहे, आणि तो रास्त आहे. पण राग कुलपाचा, आणि शिव्या गिअरबॉक्सला!

केंद्राच्या ग्राहक खात्याने डिसेंबर 2022 मध्ये राइट टू रिपेअरचं पोर्टल काढलं. त्यात वाहनं आहेत, शेतीची अवजारंही आहेत. पण पोर्टलवर माहिती ठेवणं वेगळं आणि रस्त्याकडेच्या मिस्त्रीच्या हातात दोष वाचायचं यंत्र, सुटा भाग आणि सर्किटचा नकाशा पडणं वेगळं. त्याची सक्ती करणारा कायदा मागा. नवे ट्रॅक्टर घेणाऱ्यांनी तर आत्ताच मागा, कारण सेन्सर आपल्या बांधापर्यंत आलेत. शोरूममध्ये गेल्यावर हप्ता किती बसतो ते विचारायच्या आधी एवढं विचारा, की गाडी शेतात बंद पडली तर गावातला मिस्त्री ती खोलू शकतो का? उत्तर लेखी घ्या. मिळालं तर मलाही कळवा, मी ते जसंच्या तसं इथं टाकतो.