क्लच दाबा, मामा!

रविवारची सकाळ, साडेनऊ. तुम्ही बहुतेक अजून पांघरुणात असाल, नाहीतर एफसी रोडवर ब्रेकफास्टच्या रांगेत. मी गेले पाच रविवार राजगुरुनगरला एका जीपखाली उताणा पडलेला असतो. कपाळाला ग्रीस, डोळ्यांत गंज, आणि वरून मामांचा आवाज, "दिसलं का रे काही?"

जीप 1974 ची. महिंद्रची सीजे-थ्रीबी. मूळ मॉडेल अमेरिकेतल्या विलीज कंपनीचं, 1953 चं. त्यातलं हरिकेन इंजिन इतकं उंच की ते मावावं म्हणून अख्खं बॉनेट वर उचललं. म्हणून ही जीप समोरून कायम भुवया उंचावल्यासारखी दिसते. अमेरिकेत हे मॉडेल 1968 मध्ये संपलं, आपल्याकडे मात्र त्याच्या पुढेही बनत राहिलं. मामांच्या जीपने चाकणच्या बाजारात कांदा नेला, वऱ्हाडं नेली आणि दर श्रावणात वाड्यावरून भीमाशंकरला आख्खं खानदान नेलं. त्यात मागे उलटीची पिशवी घेऊन बसलेला मी!

मग ती थांबली. म्हणजे मामा थांबले.

झालं असं, की काही वर्षांपूर्वी क्लच जड लागायला लागला. कुणीतरी सल्ला दिला, 'हायड्रॉलिक करून घ्या, लोण्यासारखा होईल.' एका गॅरेजवाल्याने मूळ दांड्या काढून टाकल्या आणि नवीन पेडल वरून लटकवलं. त्याचा मास्टर सिलिंडर फायरवॉलवर बोल्ट मारून बसवला. फायरवॉल म्हणजे इंजिन आणि तुमचे पाय यांच्यामधली पत्र्याची भिंत. उष्णता, धूर आणि वेळ आलीच तर आग अडवायला असलेली. चार महिने खरंच लोणी. नंतर गिअर करकरायला लागले. तीनदा पेडल मारल्याशिवाय पहिला पडेना.

त्याच सुमारास मामांचा डावा गुडघा बदलला होता. त्यांनी स्वतःच निदान केलं, 'पायात जोर राहिला नाही.' आणि चावी खुंटीला टांगली. मामेभावाने त्यांना ऑटोमॅटिक घेऊन दिली. जीप चिंचेखाली गेली. यंदा एका कॅफेवाल्याला ती दारात शोपीस म्हणून हवी होती. दसऱ्यापर्यंत चालू झाली नाही तर द्यायची, असं ठरलं.

आता मी चाकणला एका कारखान्यात क्वालिटीला आहे. आमच्याकडे रोबो वेल्डिंग करतात, आम्ही स्क्रीनवर हिरवा दिवा बघतो. त्यामुळे मी मोठ्या रुबाबात लॅपटॉप घेऊन गेलो. मिस्त्रींनी लॅपटॉपकडे बघितलंसुद्धा नाही. वय सत्तरीच्या आसपास, गॅरेज जुन्या हायवेला. म्हणाले, "साहेब, बॉनेट उघडा. मामा, तुम्ही क्लच दाबा. साहेब, तुम्ही फक्त बघा."

मामांनी पेडल दाबलं. आणि अख्खा मास्टर सिलिंडर माझ्या दिशेने पुढे आला! पेडल सोडलं, मागे गेला. पुन्हा दाबलं, पुन्हा पुढे. बोल्टच्या भोकांभोवती कोळ्याच्या पायांसारख्या चिरा. भिंत श्वास घेत होती.

मिस्त्री शांतपणे म्हणाले, "तुमचा पाय ठीक आहे मामा. अर्धा जोर पत्रा वाकवण्यात जातोय."

मामा काहीच बोलले नाहीत. उतरून चहा सांगायला गेले. बराच वेळ आलेच नाहीत.

कारण सोपं आहे. या जीपचं मूळ पेडल फायरवॉलवर नसतंच. ते खाली चासीला धरलेलं असतं आणि त्याचा दांडा पायाखालच्या पत्र्यातून वर येतो. पाय जो रेटा देतो तो जाड लोखंडावर जातो. साधारण सव्वा मिलिमीटरच्या पत्र्यावर तोच रेटा वर्षानुवर्षं टाकला, तर पत्रा थकणार. वर पावसाळ्यात झिरपलेलं पाणी आणि गंजावर फासलेली पुट्टी. स्क्रूड्रायव्हर टेकवला तर आरपार!

माझं मत होतं, मागून जाड प्लेट मारा आणि हायड्रॉलिक ठेवा. एका दिवसाचं काम. (माझं मत आजही चूक नाही, असं मला वाटतं.) मामा म्हणाले, "होतं तसं करा."

मग सुरू झाली दांड्यांची शोधाशोध. पेडलपासून एक रॉड निघतो आणि आडव्या नळीला जातो. ही नळी चासी आणि गिअरबॉक्सच्या पुढच्या घंटेच्या मध्ये दोन गोळ्यांवर फिरते. तिथून एक केबल क्लचच्या फोर्कला ओढते. बस्स. तेल नाही, रबर नाही. पण प्रत्येक जोडाची पिन थोडी झिजते, भोक गोल होतं ते लांबट होतं, आणि ही सगळी ढिलाई पेडलपाशी येऊन एकत्र होते. खरं तर मूळ क्लच जड झाला होता तो याच झिजेने आणि ग्रीसशिवाय. नाना पेठेत दोन चकरा आणि जुन्या बाजारात एक सकाळ घालवून नळी मिळाली. वाकडी. लेथवाल्याने सरळ केली, भोकांत बुश बसवले, पिना नव्या केल्या. हा माणूस कानाने माप घेतो, शपथ!

फायरवॉलच्या आधी पेट्रोलची टाकी बाहेर काढली. ती या जीपमध्ये चक्क ड्रायव्हरच्या सीटखाली असते. वेल्डिंगची ठिणगी आणि टाकी यांची ओळख नको. कुजलेला पत्रा चांगल्या लोखंडापर्यंत कापला, त्याच जाडीचा नवा तुकडा बसवला. सलग शिवण मारली तर पत्रा तापून वेडावाकडा होतो, म्हणून इथे एक टिपका, मग पार तिकडे एक, मध्ये बिडीएवढी विश्रांती. आमचा रोबो हे सेकंदांत करतो. आम्हाला दोन रविवार लागले. हायड्रॉलिकची भोकं बुजवली, दोन्ही बाजूंनी रेड ऑक्साइड मारला.

शेवटी खेळ लावायचा होता. खेळ म्हणजे पेडल दाबल्यावर सुरुवातीला जे मोकळं जातं ते. साधारण इंचभर हवं. कमी ठेवलं तर रिलीज बेअरिंग सतत घासून मरतं. जास्त ठेवलं तर क्लच पूर्ण सुटत नाही आणि गिअर पुन्हा करकरतात. आणि हिचा पहिला गिअर सिंक्रोमेशशिवायचा, म्हणजे माफी नाहीच. मिस्त्री नट अर्धा फेरा फिरवायचे, मामा दाबायचे, मिस्त्री मान हलवायचे. असं तासभर.

मधेच मी शहाणपणा केला, "मामा, पन्नास वर्षं झाली, 2021 च्या नियमाने व्हिंटेज नोंदणी मिळेल, व्हीए लिहिलेली नंबरप्लेट!" त्यांनी विचारलं, "मग रोज चालवता येईल?" नाही म्हटलं, रोजच्या वापराला नाही. "मग काय लोणचं घालू प्लेटचं?" शेवटी नेहमीप्रमाणे फिटनेस करून पाच वर्षांचं नूतनीकरण घेतलं.

दसऱ्याच्या आधीचा रविवार. मामा चढले. डावा पाय आधी हाताने उचलून आत ठेवला, मग पेडलवर. दाबलं. पहिला गिअर आवाज न करता पडला. मिस्त्री दुसरीकडेच बघत होते.

वाड्याच्या रस्त्याला लागलो. पहिल्या चढावर पुढे ऊस भरलेला ट्रॅक्टर थांबला. मामांनी क्लच धरून ठेवला. धरला, धरला, आणि मग त्यांचं पाऊल थरथरायला लागलं. यावेळी पत्रा नव्हता. गुडघाच होता.

त्यांनी जीप न्यूट्रल केली, हँडब्रेक ओढला आणि उतरून वळसा घालून माझ्या बाजूला आले.

"सरक तिकडे. इंचभर मोकळं जाईल, मग लागेल. घाई करू नको."

मी दाबला. पहिला टाकला. करर्र!

"पूर्ण दाब की लेका," मामा म्हणाले, "पत्रा काही वाकत नाही आता."

कॅफेवाल्याला मीच फोन केला.