पाणी जमिनीचे की माणसांचे?

पाण्याची मागणी पुरवठ्याच्या बाहेर गेली, असे दर उन्हाळ्यात सांगण्यात येते. जणू मागणी हीदेखील पावसासारखी आकाशातून पडते! महाराष्ट्रातील लागवडीच्या सुमारे ४ टक्के क्षेत्रावरील ऊस सिंचनाचे दोनतृतीयांशाहून अधिक पाणी घेतो, असा केंद्रीय कृषिमूल्य आयोगाचा २०१० नंतरच्या दशकातील अंदाज होता. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावे लागले. त्याच हंगामात मराठवाड्यातील साखर कारखान्यांनी ऊस गाळला होता. तेव्हा मागणी कोणाची, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे.

पाण्याला योग्य किंमत लावा, वापर आपोआप आटोक्यात येईल, असे अर्थशास्त्रातील एक वजनदार मत आहे. त्यात तथ्य नाही असे नाही. पीक आणि हेक्टर पाहून पाणीपट्टी आकारली, की ती भरणाऱ्याला जादा पाणी फुकटच पडते. म्हणून घनमापन पद्धत हवीच. परंतु निव्वळ किमतीवर भिस्त ठेवल्यास ज्याची ऐपत त्याचे पाणी, एवढाच त्याचा अर्थ होतो. ठिबकचेही तसेच. एकूण वापरावर मर्यादा नसेल, तर वाचलेल्या पाण्यावर आणखी ऊस उभा राहतो.

१९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगावी विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा जो प्रयोग केला, त्याचे मोल इथे आहे. माणशी अर्ध्या एकराला पाणी, कुटुंबाला फार तर अडीच एकरांपुरते, भूमिहीनालाही हक्क, जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही, आणि ऊस वर्ज्य. मागणीचे नियंत्रण आणि न्याय्य वाटप ही दोन कामे नाहीत, हे या नियमांनी दाखविले. वाटा माणशी ठरला की ऊस गणितातच बसत नाही.

सरकारी कायद्याने मात्र ही वाट धरली नाही. २००५ च्या कायद्याने पाणीवापर संस्थांना मोजून पाणी देण्याचे मान्य केले, हे स्वागतार्हच; पण सभासदत्व लाभक्षेत्रातील जमीनधारकालाच. त्या जमिनीवर राबणाऱ्या भूमिहीन मजुराला, आणि सातबाऱ्यावर जिचे नाव नाही त्या बाईला, सभेत जागा नाही. जलसंपत्ती नियमन प्राधिकरणही त्याच वर्षीच्या कायद्याने उभे राहिले. २०११ च्या दुरुस्तीने शेती, उद्योग आणि घरगुती वापर यांतील वाटपाचा निर्णय मंत्रिमंडळाकडे गेला.

कार्यकर्त्यांनी आपापल्या भागातील पाणीवापर संस्थांच्या सभासद याद्या मागवून पाहाव्यात. कालव्याच्या शेपटाकडील किती शेतकऱ्यांना गेल्या उन्हाळ्यात पाळी मिळाली, याची नोंदही त्याच दप्तरात मागावी.