उरलेल्या वेळातला खेळ

जुलै २०२५ मध्ये अमेरिकेतल्या इंडियानापोलिस शहरात बायकांच्या व्यावसायिक बास्केटबॉलचा ऑल-स्टार सामना झाला. ऑल-स्टार म्हणजे मोसमातल्या निवडक खेळाडूंचा, थोडासा उत्सवासारखा सामना. सरावासाठी दोन्ही संघ मैदानात आले तेव्हा सगळ्या जणींच्या अंगात सारखेच काळे टी-शर्ट होते. त्यावर मालकांसाठी निरोप होता : आमचं देणं लागता ते द्या. सामना संपल्यावर बक्षीस देताना प्रेक्षकांनीही ‘यांचे पैसे द्या’ असा घोष सुरू केला.

आता कुणी म्हणेल, अमेरिकेतल्या बायकांचं भांडण आपण कशाला वाचायचं? पण मैत्रिणींनो, ही गोष्ट जरा उलगडून पाहिली की फार ओळखीची वाटायला लागते.

बायकांची ही लीग, डब्ल्यूएनबीए, जून १९९७ मध्ये आठ संघांनिशी सुरू झाली. सुरू केली ती पुरुषांच्या एनबीएनेच. मोसम मात्र ठेवला उन्हाळ्यात. का? तर बास्केटबॉलचा खरा मोसम हिवाळ्याचा आणि तेव्हा स्टेडियम आणि टीव्हीच्या वेळा पुरुषांच्या सामन्यांनी भरलेल्या. उन्हाळ्यात दोन्ही रिकामं. त्याच सुमारास बायकांची आणखी एक लीग होती, एबीएल. ती हिवाळ्यात खेळायची, पगारही बरे द्यायची. पण टीव्हीवर तिला पुरेशी जागा मिळाली नाही आणि डिसेंबर १९९८ मध्ये, ऐन मोसमात, तिचं दिवाळं निघालं. उन्हाळ्यातली टिकली. म्हणजे टिकायचं तर उरलेल्या वेळात आणि उरलेल्या जागेत. घरातले सगळे जेवून उठल्यावर पातेल्यात काय राहिलंय ते बघून आपण आपलं ताट वाढून घेतो ना, तसंच काहीसं.

सुरुवातीला लोक आले. पहिल्या दोन-तीन वर्षांत सामन्याला सरासरी दहा हजारांच्या आसपास प्रेक्षक असत. मग आकडे घसरले, संघ बंद पडू लागले. ह्यूस्टन कॉमेट्स या संघाने १९९७ ते २००० अशी सलग चार विजेतेपदं मिळवली होती. तोच संघ २००८ मध्ये घ्यायला कुणी पुढे आलं नाही म्हणून गुंडाळावा लागला. लीगला तोटा होत होता हे खरंच आहे. दरवर्षी सरासरी एक कोटी डॉलरहून जास्त, असं एनबीएचे प्रमुख अ‍ॅडम सिल्व्हर यांनी २०१८ मध्ये सांगितलं होतं.

तोटा नाकारायचं कारण नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. तोटा झाला की त्याचा अर्थ काय लावायचा? पुरुषांच्या एनबीएचंच बघा. तिची सुरुवात १९४६ ची. १९८० मध्ये, म्हणजे चौतीस वर्षांनी, तिच्या अंतिम फेरीतला निर्णायक सामना अमेरिकेच्या बऱ्याच भागात थेट दाखवलासुद्धा नव्हता. मॅजिक जॉन्सनचा तो गाजलेला खेळ लोकांनी रात्री साडेअकराला, ध्वनिचित्रफितीवरून पाहिला. टीव्हीवाल्यांना त्या खेळाचा भरवसा नव्हता. पण म्हणून ‘पुरुषांना बास्केटबॉल जमत नाही’ असं कुणी म्हटलं नाही. धंद्याला वेळ लागतो, एवढंच म्हटलं.

आपल्याकडे नवऱ्याने दुकान टाकलं की पहिली चार वर्षं ‘जम बसायला वेळ लागतो’ म्हणून बायकोचे दागिनेसुद्धा गहाण पडतात. तिने शिवणकाम किंवा मसाल्यांचा उद्योग सुरू केला, की तिसऱ्या महिन्यात विचारणा होते, ‘सुटतात का काही?’ अमेरिकेतही हिशेबाच्या वह्या अशाच दोन असतात.

आता यात प्रसारमाध्यमांचा भाग किती? तिथल्या अभ्यासकांनी तीस वर्षं टीव्हीवरच्या क्रीडा बातम्या मोजल्या. १९८९ मध्ये त्यातला ५ टक्के वेळ महिला खेळाडूंना मिळत होता. २०१९ मध्ये किती? ५.४ टक्के! त्यातूनही त्या वर्षीचा महिला फुटबॉल विश्वचषक वगळला तर उरतात ३.५ टक्के. तीस वर्षांत मुली शाळा-कॉलेजांतून लाखोंनी खेळायला लागल्या, पण बातमीतली जागा होती तिथेच राहिली. कुणी बघत नाही म्हणून दाखवायचं नाही आणि दाखवत नाही म्हणून कुणी बघत नाही. असं हे चक्र.

या चक्राची किंमत खेळाडूंनी मोजली. घरच्या पगारात भागत नाही म्हणून त्या हिवाळ्यात रशिया, तुर्कस्तान, चीनमध्ये जाऊन खेळत. डायना टॉरासीला तर तिच्या रशियातल्या क्लबने २०१५ चा अमेरिकेतला मोसम न खेळता विश्रांती घेण्यासाठीच पैसे दिले, आणि तिने ते घेतले. ब्रिटनी ग्राइनरच्या वाट्याला तुरुंग आला. फेब्रुवारी २०२२ मध्ये सामानात गांजाचं तेल सापडल्यावरून तिला रशियात अटक झाली, नऊ वर्षांची शिक्षा झाली आणि डिसेंबरमध्ये कैद्यांच्या अदलाबदलीत ती सुटली. तिच्या चुकीवर पुष्कळ चर्चा झाली. ऑलिम्पिकची दोन सुवर्णपदकं मिळवलेल्या मुलीला मुळात हिवाळाभर परदेशात खेळायला का जावं लागत होतं, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

प्रवासाचीही तीच तऱ्हा. साध्या विमानांनीच जायचं, असा नियम होता. २०१८ मध्ये लास व्हेगासच्या संघाला एका सामन्यासाठी पोहोचायला पंचवीस तासांहून जास्त लागले. त्या अवस्थेत खेळायला मुलींनी नकार दिला आणि सामना बहाल करावा लागला. पुढे २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या मालकांनी आपल्या संघासाठी स्वतःच्या खर्चाने खासगी विमानं केली. त्यांना बक्षीस काय मिळालं? ५ लाख डॉलरचा दंड! बाकीच्या संघांना हे परवडत नाही, त्यामुळे खेळात असमानता येते, हे कारण. सगळ्यांसाठी खासगी विमानं आली ती २०२४ मध्ये.

२०२४ हेच वर्ष सगळं बदलणारं ठरलं. एप्रिलमध्ये कॉलेजच्या मुलींचा अंतिम सामना टीव्हीवर सुमारे १ कोटी ८९ लाख लोकांनी पाहिला. मुलांचा पाहिला सुमारे १ कोटी ४८ लाखांनी. त्या सामन्यात खेळलेली केटलिन क्लार्क लगेच व्यावसायिक झाली आणि तिच्यामागे प्रेक्षक आले. वॉशिंग्टनच्या संघाचं नेहमीचं सभागृह होतं ४,२०० खुर्च्यांचं. क्लार्कच्या संघाविरुद्धचा सप्टेंबरमधला सामना त्यांनी शहरातल्या मोठ्या स्टेडियममध्ये ठेवला, तर २०,७११ लोक आले. इतकी वर्षं खुर्च्याच ४,२०० मांडायच्या आणि गर्दी होत नाही म्हणायचं, याला काय म्हणावं?

बातम्याही वाढल्या. पण कशा? क्लार्क आणि एंजल रीस या दोघींचं ‘वैर’ दिवसच्या दिवस चघळलं गेलं. एक गोरी, एक कृष्णवर्णीय, मग काय विचारता! दोन बायका एकत्र आल्या की मालिकावाल्यांना जे सुचतं, तेच तिथल्या वाहिन्यांना सुचलं. एजा विल्सन ही चार वेळा मोसमातली सर्वोत्तम खेळाडू ठरलेली पहिली आणि एकमेव. तिच्या वाट्याला एवढी चर्चा आली नाही. बिनभांडणाची गुणवत्ता बातमीत बसत नाही बहुतेक.

आता पैशांचं. पहिल्या वर्षी क्लार्कचा लीगकडून पगार होता ७६,५३५ डॉलर. आपल्याला ही रक्कम मोठीच वाटेल आणि जाहिरातींतून ती पुष्कळ जास्त कमावते हेही खरं. पण आदल्या वर्षी पुरुषांच्या लीगमध्ये पहिल्या क्रमांकाने निवडलेल्या मुलाचा पहिल्या वर्षाचा पगार होता सुमारे १ कोटी २० लाख डॉलर. पुरुषांइतकाच पगार द्या, असं या मुली म्हणतच नाहीत. त्यांचे सामने कमी आहेत, उत्पन्न कमी आहे, हे त्यांना कळतं. त्या वाटा मागतात. एनबीएच्या उत्पन्नातला साधारण निम्मा हिस्सा खेळाडूंना मिळतो. बायकांच्या लीगमध्ये तो दहा टक्क्यांच्या आसपास असल्याचे अंदाज प्रसिद्ध झाले. इकडे २०२४ मध्ये लीगने टीव्हीचा ११ वर्षांचा, सुमारे २२० कोटी डॉलरचा करार केला. नव्या शहरांना संघ देताना एकेका संघाचे २५ कोटी डॉलर ठरले. तोट्यात सगळ्या जणी सोबत होत्या, मग वाढलेल्या ताटातही त्यांना बसवा, एवढंच तर म्हणणं होतं. वेतनाचा करार २०२५ च्या ऑक्टोबरअखेर संपणार होता, ते काळे टी-शर्ट त्यातूनच आले.

आपल्याकडे काय झालं? पुरुषांची आयपीएल २००८ ची, बायकांची डब्ल्यूपीएल २०२३ ची. मध्ये पंधरा वर्षं. पण सुरू झाली तेव्हा पहिला चेंडू पडायच्या आधीच पाच वर्षांचे प्रसारण हक्क ९५१ कोटी रुपयांना गेले होते आणि सांगलीच्या स्मृती मानधनाची बोली ३ कोटी ४० लाखांवर पोहोचली होती. आधी पैसा आणि टीव्ही, मग प्रेक्षक, असा क्रम लावला तर काय होतं ते आपण पाहिलं. बास्केटबॉलमध्ये मात्र भारताचं कर्णधारपद भूषवलेली पुण्याची शिरीन लिमये आपल्यापैकी किती जणींना माहीत आहे?

म्हणून एक करून बघा. महिनाभर पेपरचं क्रीडापान उघडलं की त्यात मुलींच्या बातम्या किती आणि कुठे आहेत, ते मोजा. आणि जमलं तर आपल्या गावातल्या मैदानावर संध्याकाळी पाच ते सात मुलं खेळतात की मुली, हेही विचारा. मुलींना दुपारी तीनची वेळ दिली असेल, तर ‘मुली खेळायला येतच नाहीत हो’ हे उत्तर पुढच्या वेळी लगेच मान्य करू नका.