कडी आतून लावण्याचा उपदेश

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की आमच्या नागपुरात घर सुरक्षित कसे ठेवावे याविषयीच्या सूचनांना पूर येतो. दाराला दुहेरी कुलूप लावा, खिडकीला जाळी बसवा, फाटकावर कॅमेरा लावा, अनोळखी माणसाला दार उघडू नका, मुलींनी दिवेलागणीच्या आत घरी यावे. याच शहरात एके काळी अख्खे ले-आऊट गच्चीवर आणि अंगणात खाटा टाकून निजत असे, हे आता सांगूनही खरे वाटत नाही. या सूचना चुकीच्या आहेत असे आमचे म्हणणे नाही. आमचा आक्षेप त्यांच्यामागच्या गृहीतकाला आहे. कुटुंबाची सुरक्षितता ही कुटुंबाच्याच दक्षतेची बाब, आणि घरावर घाला पडलाच तर कडी नीट लावली नव्हती, असे ते गृहीतक.

मराठी समीक्षाही कळत नकळत याच गृहीतकावर उभी आहे, म्हणून हा विषय आम्ही साहित्याच्या अभ्यासकांपुढे मांडतो आहोत. इब्सेनच्या नाटकाचे अनंत काणेकरांनी ‘घरकुल’ केले, आणि घर सोडून जाणारी स्त्री आमच्या चर्चेत कायमची आली. ती बाहेर का पडली, पुढे तिचे काय झाले, यावर पिढ्यान्‌पिढ्या निबंध लिहिले गेले. (तोच ‘घरकुल’ शब्द पुढे सरकारी योजनेचा झाला, त्याची चिकित्सा मात्र कोणी केली नाही.) दार आतून उघडणाऱ्या स्त्रीविषयी आम्ही एवढे बोललो, बाहेरून दारावर पडणाऱ्या लाथेविषयी फार थोडे. दया पवारांच्या ‘बलुतं’मधला कावाखाना वाचताना आत आणि बाहेर यांतली रेघ किती पुसट असू शकते हे कळते. परंतु ते पुस्तक दलित आत्मकथनाच्या प्रकरणात शिकवायचे आणि ‘घर’ ही संकल्पना कुटुंबकथेच्या प्रकरणात, अशी आमची सोयीस्कर वाटणी आहे.

उत्तर नागपुरातील कस्तुरबानगर ही बहुसंख्येने दलितांची वस्ती. तेथे अक्कू यादव नावाच्या गुंडाने दहा वर्षांहून अधिक काळ खंडणी, मारहाण, खून आणि बलात्कार यांची दहशत बसवली होती. दिवसाउजेडी घरात शिरावे, पुरुषमंडळींसमोर बायकांना हात घालावा, अशी ती रीत. कड्या तेथेही लावल्या जात होत्या. काही कुटुंबांनी मुलींना बाहेर पाठवणे बंद केले, काहींनी वस्तीच सोडली. म्हणजे दक्षतेचे सगळे उपदेश या माणसांनी पाळून झाले होते. अक्कूला अटक अनेकदा झाली आणि प्रत्येक वेळी तो जामिनावर सुटला. वस्तीतल्या बायकांनी पुढे वारंवार सांगितले ते असे, की ठाण्यात गेले तर तक्रार लिहून घेतली जात नसे, उलट जाणारीच्याच चारित्र्याची चौकशी होई, आणि कोण गेले होते ही वार्ता त्याच्या कानी पोहोचे.

२००४च्या जुलैअखेरीस उषा नारायणे या शिकलेल्या तरुणीने स्थानिक ठाणे टाळून थेट पोलीस उपायुक्तांकडे तक्रार नेली. त्याचा परिणाम म्हणून अक्कू आपली माणसे घेऊन तिच्या घरावर चालून आला. तिने दार लावून घेतले आणि स्वयंपाकघरातला गॅस सुरू केला. आत आलात तर काडी ओढीन, असे तिने बजावले, तेव्हा ती टोळी माघारी फिरली. आमच्या समीक्षकांनी या क्षणी थांबावे अशी आमची विनंती आहे. घर वाचवण्याचा शेवटचा उपाय म्हणून घरच उडवून देण्याची तयारी करावी लागते, याहून गृहसुरक्षेच्या उपदेशाचा दारुण पराभव कोणता असू शकेल?

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. ६ ऑगस्टला वस्तीने अक्कूचे घर जाळले, तो पोलिसांच्या ताब्यात गेला, आणि १३ ऑगस्टला जामिनाच्या सुनावणीसाठी त्याला जिल्हा न्यायालयात आणले असता जमावाने त्याला न्यायालयाच्या दालनातच ठार मारले. जमाव सुमारे दोनशे बायकांचा होता असे सांगण्यात येते. त्यांच्या हाती मिरचीपूड होती, भाजी चिरायचे चाकू होते. प्रत्यक्ष घाव कोणाचे, याविषयी नंतर निरनिराळे दावे झाले. काही बायकांना अटक होताच बाकीच्यांनी आम्हा सर्वांनाच धरा असा धोशा लावला. २०१४मध्ये पुराव्याअभावी आरोपींची निर्दोष सुटका झाली.

येथपासून आमच्या सुशिक्षितांची साहित्यिक प्रतिभा जागी झाली. या बायका ‘रणरागिणी’ झाल्या, ‘दुर्गा’ झाल्या, ‘कालीचे अवतार’ झाले. २०२१मध्ये ‘२०० हल्ला हो’ हा हिंदी चित्रपट आला, पुढच्याच वर्षी नेटफ्लिक्सवर माहितीपट. अभिनय, संकलन इत्यादींविषयी आम्हांला काही म्हणायचे नाही. रूपकाविषयी म्हणायचे आहे. ज्या बायकांनी दहा वर्षे फिर्यादी होण्याची धडपड केली त्यांना एका दुपारीत देवी करून टाकले की त्यांची फिर्याद संपते. देवीला ठाण्याच्या बाकावर ताटकळत बसावे लागत नाही. देवीची तक्रार नोंदवून घ्यायला अंमलदार लागत नाही. राक्षस मेला, आरती झाली, आणि इतकी वर्षे तक्रारी न लिहिणारा अंमलदार कथेतून अलगद बाहेर पडला. शिवाय बौद्ध वस्तीतल्या बायकांच्या दुःखाला नेमक्या याच देवतांचे मुखवटे चढवताना, ज्या शहरात १९५६ साली दीक्षाभूमीवर बावीस प्रतिज्ञा घेतल्या गेल्या त्या शहरातल्या लेखकांनाही संकोच वाटू नये, हे विशेष!

कोणी म्हणेल, आपण या बायकांचे शौर्य कमी लेखता. दुसरा म्हणेल, आपण झुंडीचे समर्थन करता. दोघांनीही नागपूरहून फार दूर जाऊ नये. भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ रोजी जमावानेच भोतमांगे कुटुंबाच्या घरावर हल्ला केला आणि आई, मुलगी व दोन मुलगे अशा चौघांना ठार मारले. त्या आईने एका मारहाणीच्या प्रकरणात हल्लेखोरांची नावे सांगितली होती. ते जामिनावर सुटले आणि त्याच संध्याकाळी तिच्या दारी आले. जमावाच्या हाती न्याय सोपवला की दुबळ्याच्या वाट्याला बहुधा खैरलांजी येते, कस्तुरबानगर क्वचित. दोन्हींकडे आधीची कथा मात्र एकच होती. तक्रार करणारी बाई उघडी पडली आणि जामिनावर सुटलेला माणूस तिच्या घराचा पत्ता जाणत होता.

दखलपात्र गुन्ह्याची खबर नोंदवून घेणे पोलिसांवर बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०१३मध्ये ललिताकुमारी प्रकरणात निःसंदिग्धपणे सांगितले. त्याच वर्षी लैंगिक अत्याचाराची तक्रार नोंदवण्यास नकार देणे हा लोकसेवकाचा गुन्हा ठरला. १ जुलै २०२४पासून फौजदारी प्रक्रिया संहितेची जागा घेणाऱ्या कायद्याच्या नावातच ‘नागरिक सुरक्षा’ हे शब्द आहेत. आणि धोका घरातलाच असतो तेव्हा कडी आतून लावण्याचा उपदेश किती क्रूर होतो, हे ओळखूनच २००५च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने स्त्रीला सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला. हे सगळे कायदे कुलपाविषयी बोलत नाहीत. कोणी ऐकायचे, कोणी लिहून घ्यायचे, न लिहिल्यास कोणाला जाब विचारायचा, याविषयी ते बोलतात. शासनाच्या रूक्ष मराठीला जे सुचले ते आमच्या ललित मराठीला सुचू नये!

तेव्हा वर्गात ‘स्त्री आणि घर’ हा विषय घेणाऱ्या प्राध्यापकांना आमचे एक मागणे आहे. कस्तुरबानगरचा उल्लेख आलाच, तर न्यायालयातल्या त्या काही मिनिटांचे वर्णन विद्यार्थ्यांकडून करून घेऊ नये. ते चित्रपटाने पुरेसे केले आहे. त्यांना त्याआधीच्या एखाद्या दिवसाविषयी लिहायला सांगावे. एक बाई कस्तुरबानगरातून ठाण्याकडे निघते, तेथे तिला काय विचारले जाते, आणि अंधार पडण्यापूर्वी ती कोणत्या रस्त्याने घरी परतते.